मुशीचं माहेर

समुद्रापासून इतक्या लांब जन्मलेल्या माणसाच्या हातून समुद्राचं काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. भूम तालुक्यातलं आमचं गाव. जवळचा समुद्र गाठायचा तर चार एसट्या बदलाव्या लागत आणि पोचेपर्यंत माणूस आंबून जाई. गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. तरीही कोकणातल्या एका खाडीचं वाटोळं करण्यात माझा हात आहे. खाडीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि त्यांच्या दारात आणखी कुणी चौकशा करत जावं असं मला वाटत नाही.

हल्ली पेपरात अधूनमधून येतं, की मुशी, म्हणजे ज्याला पुस्तकात शार्क म्हणतात तो मासा, फार कमी झाला. त्याच्या माद्या उथळ खाडीत, कांदळाच्या मुळांजवळ पिल्लं घालतात, कारण तिथं मोठ्या माशांना शिरता येत नाही. पिल्लं थोडीच होतात, वाढायला वर्षं लागतात, म्हणून अशा जागा राखल्या पाहिजेत. असं काही दिसलं की मी पेपर घडी घालून ठेवतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, डोळ्यांवर ताण येतोय. ही सगळी माहिती मला बहात्तरच्या दुष्काळातच एका म्हातारीनं दिली होती, आणि पेपरवाल्यांपेक्षा कितीतरी सोप्या भाषेत दिली होती. ऐकून न ऐकल्यासारखं करण्याची सवय आमच्याकडं पूर्वापार आहे, पण माझ्याइतकी कुणी पाळली नसेल.

त्या साली मी नुकताच तालुक्याच्या एका सहकारी ग्राहक भांडारात विक्रेता म्हणून लागलो होतो. वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारलेला. पोरांनी शिकायचं आणि पगाराची नोकरी धरायची, एवढाच त्यांचा हट्ट. तो मी पुरा केला आणि दुष्काळ पडला. भांडारात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, मीठ यायचं, काड्यापेट्या यायच्या. बाकी फळ्या रिकाम्या. बाजारात भाजीचं पान दिसत नव्हतं. पाझर तलावाच्या आणि खडी फोडण्याच्या कामावर अर्धा तालुका गेलेला. दिवसभर घण मारून आलेली माणसं काउंटरशी उभी राहून विचारायची, "भाकरीसंगं खायाला कायबी न्हाय का वो?" सुकट-बोंबील तरी आणा, म्हणायची. सुका मासा ना सडतो, ना त्याला पाणी लागतं. आमच्या चेअरमननी ठरवलं, की मधला व्यापारी नको, थेट समुद्रावरूनच माल आणायचा. म्हणाले, "सहकार म्हंजे दुसरं काय? मधला काढायचा." आणि हे काम माझ्या गळ्यात घातलं, कारण भांडारात लग्न न झालेला मी एकटाच होतो.

घरची परिस्थिती अशी होती, की माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिच्या सासरी आडात पाणी नव्हतं, आमच्याकडंही नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा नेम दुष्काळालाही मोडता आला नाही. पोरगी झाली. बहिणीला दूध येईना. शेळ्या आधीच विकल्या होत्या. आई सकाळी खडी फोडायला जायची, संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि ती सगळी लेकीला खाऊ घालायची. तरी दूध नाही. पोरगी पहिले आठ दिवस खणखणीत रडली. मग तिचं रडणं बारीक व्हायला लागलं. रडणं थांबण्यापेक्षा रडणं बारीक होणं वाईट असतं, हे मला त्या दिवसांत कळलं. मी समुद्राकडं निघालो तेव्हा आई म्हणाली, "जा. पर आल्यावर ही असंल का न्हाय, म्या सांगत न्हाय."

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मला आनंद झाला नाही. राग आला. कोल्हापुराहून उतरलेली गाडी एका वळणावर वळली आणि समोर नुसतं पाणीच पाणी. माझी आई एका घागरीसाठी दोन कोस चालत होती, आणि इथं ते उगाच लोळत पडलं होतं. शेजारचा प्रवासी म्हणाला, खारं आहे हो ते. मला ते ठाऊक होतं. तरी राग गेला नाही. पुढं माझ्या हातून जे झालं, त्याचं मूळ मी आता त्या रागात शोधतो. कोरड्या मुलखातल्या माणसाला भरलेलं काही दिसलं, की ते तसंच ठेवलेलं बघवत नाही.

खाडीच्या तोंडाशी एका म्हातारीचं मासे वाळवायचं खळं होतं. नवरा समुद्रात बुडालेला, दोन लेक होडी चालवायचे, आणि मासा किनाऱ्याला लागला की पुढचं राज्य तिचं. काळी, सुकी, ताठ बाई; कासोटा नेसलेली. बोंबलाचा वास तिला नव्हे, तीच बोंबलाला लावत असावी असं वाटे. मी तिला मावशी म्हणू लागलो. माल बघून झाल्यावर तिनं विचारलं, "घराक कोण कोण आसा?" मी सांगायला लागलो. बहिणीपाशी आलो, तिला दूध येत नाही म्हणालो. परक्या बाईपुढं, माशांच्या ढिगात, मी उभा राहून रडलो.

ती उठून घरात गेली. आतून दोन वाळके मासे घेऊन आली. हातभर लांब, करडे, पाठीवर उभा त्रिकोणी पर. "ही मोरी. मुशीचा पोर. बहिणीक घाल. दूद येतला." मी पैसे काढले तर तिनं माझ्या हातावर फटका मारला. "बाळतिणीच्या घासाचे पैशे घेतत काय रे, मेल्या?"

आमच्याकडं मोरी म्हणजे अंघोळीची जागा, त्यामुळं मला त्या परिस्थितीतही हसू आलं. मी म्हटलं, एवढा गुणकारी मासा आहे तर मग पोत्यानं द्या. तेव्हा ती मला खाडीकाठानं वर घेऊन गेली. खाडी जिथं वळते आणि दोन्ही काठांना कांदळ सुरू होतं, तिथं पाण्यात एक खुंटा रोवलेला होता. त्याला लाल खण बांधला होता. खालच्या चिखलात नारळाच्या करवंट्या पडलेल्या. तिनं सांगितलं ते असं: शिमगा सरला, की मुशी समुद्रातून खाडीत येते. बाळंतपणाला. हे तिचं माहेर. आम्ही खाडीची ओटी भरतो आणि खुंटा रोवतो. खुंट्याच्या वर जाळं जात नाही, नारळी पुनवेपर्यंत. ती पिल्लं घालून निघून जाते, पिल्लं आमच्यावर सोपवून. "म्हायेराक इलेल्या चेडवाच्या पोरांका कोण धरून खाता काय?" फक्त कुणाच्या घरी बाळंतीण असेल आणि दूध नसेल, तर त्या बाळंतिणीच्या नावानं एकदोन मोऱ्या घ्यायच्या. त्याही बेंबी सुकलेल्या. तिनं हातातली मोरी उलटी करून दाखवली. पुढच्या दोन परांच्या मध्ये, पोटावर, बारीक रेघेसारखा व्रण होता. माणसाच्या पोराला असते तशी नाळेची खूण. मासा अंडी घालतो एवढंच मी शाळेत शिकलो होतो. माशाला बेंबी असते, हे मला त्या दिवशी समजलं. "ओल्या बेंबीच्या पोराक हात लावूक नाय," मावशी म्हणाली. "त्येका अजून समुद्र ठावक नाय."

मी घरी आलो तेव्हा पोरगी होती. आईनं लसणावर परतून मोरीचं कालवण केलं, बहिणीनं मिलोच्या भाकरीबरोबर दोन दिवस खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी तिला पान्हा आला. मोरीनं आला, की पोटात बरंवाईट काही गेलं म्हणून आला, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर लोक काय म्हणतील त्याचा मला अंदाज आहे. पण त्या दिवशी आमच्या घरात डॉक्टर नव्हता, दूध होतं. ती पोरगी आज नातवंडं खेळवते.

आईच्या पोटात गोष्ट राहत नसे. खडीच्या कामावर तिनं साऱ्याजणींना सांगितलं. आठवड्याच्या आत भांडारापुढं बाया उभ्या. कुणी सुनेसाठी आलेली, कुणी लेकीसाठी, एकजण स्वतःच कडेवर पोर घेऊन. "दादा, तेवढा बाळंतिणीचा मासा बघा की." चेअरमन म्हणाले, "आता दोन मासे आणून भागायचं न्हाय. पोतं आणा." मी पुन्हा गेलो.

मावशी नाही म्हणाली. बोंबील हवे तेवढे ने, बांगडे ने, मोरी नाही. मी दोन दिवस तिच्या खळ्यावर ठिय्या देऊन बसलो. विनवलं, सांगितलं, बायांची गाऱ्हाणी ऐकवली. ती मासे उलटेपालटे करत राहिली. "नाय म्हणजे नाय." तिसऱ्या दिवशी सकाळी माझा संयम सुटला आणि मी बोलून गेलो, "मावशी, तुम्हाला मुशीची पिल्लं मोठी वाटतात, आमच्या बायकांची लेकरं नाहीत. तुमच्या इथं पाणी आहे म्हणून हे नेमधर्म सुचतात. आमच्याकडं या, मग दाखवतो माहेर कसं असतं ते."

हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा मागं घेतलंय, पण तिच्यापुढं नाही घेतलं. तिचे हात थांबले. मग थोरल्या लेकाला हाक मारली आणि त्याला खुंटा काढायला सांगितला. लेक म्हणाला, "आये, लोक काय म्हणतले?" ती म्हणाली, "लोकांका मी सांगान." माझ्याकडं वळून तिनं एवढंच विचारलं, "दुष्काळ किती दिस?" मी म्हणालो, "औंदाचा पाऊस पडेपर्यंत." "मग पाऊस पडलो की माका कळव. मी खुंटो परत लावतंय. तवसर ने." मी म्हणालो, पाऊस पडला त्याच दिवशी कार्ड टाकतो. शब्द दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण लेक थोडंफार वाचायचा, आणि कार्ड आलं की शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. तिनं मास्तरांचा पत्ता मला पुन्हा पुन्हा सांगायला लावला.

त्र्याहत्तर साली पाऊस पडला. चांगला पडला. पाझर तलाव भरले, मृगातच पेरण्या झाल्या. मी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं, त्यावर पत्ता लिहिला. मजकूर लिहायचा राहिला.

राहिला म्हणणं हीसुद्धा लबाडीच आहे. मी लिहिला नाही. कारण विचाराल तर लोक म्हणतील, धंदा चांगला चालला होता, दुसरं काय? चालला होता, हे खरं. भांडाराचं नाव आमच्या जिल्ह्यातल्या वाशीपर्यंत गेलं, तुळजापुराहून माणसं चौकशीला यायची, पुढं मला मॅनेजर केलं. पण माझं खरं कारण याहून हलकं आहे. ज्या आडावर माझ्या आईला कडेला उभं राहून, कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं, त्या आडाच्या मालकिणी माझ्या काउंटरशी उभ्या राहून माझ्या हातातून मासा घेत होत्या. "भाऊ, सुनंला लई गुण आला," म्हणत होत्या. ज्यांच्या घरात मासा चालत नाही अशा घरांतूनही पेपरात गुंडाळून न्यायला गडी यायचा. कुणाच्या घरून ते सांगत नाही. मी गावचा भाऊ झालो होतो. ते मला सोडवेना. कुणी माझ्या जागी असतं तर त्याला सोडवलं असतं का, मला माहीत नाही. पण शब्द मी दिला होता, दुसऱ्या कुणी नाही.

त्या कोऱ्या कार्डाऐवजी मी दरवर्षी शिमग्याच्या आधी दुसरं कार्ड टाकत गेलो. "मागील वर्षाप्रमाणे मोरी पाठवावी. निकड आहे." निकड हा शब्द मी मुद्दाम घालत असे. पावसाबद्दल काही लिहीत नसे, खोटंही नाही आणि खरंही नाही. मला त्या वेळी ती हुशारी वाटायची. उन्हाळ्यात पोती यायची, मालट्रकवाल्याबरोबर, तोंडं सुंभानं शिवलेली.

शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमारास बहिणीचं दुसरं बाळंतपण झालं, सासरी, वाशीजवळ. मी मोठ्या ऐटीत मोऱ्या घेऊन गेलो. तिनं एक हातात घेतली. वीतभर होती. उलटी केली आणि बघत राहिली. पोटावरचा व्रण सुकलेला नव्हता. वाळूनसुद्धा कडा उघड्या होत्या आणि नाळेचा एक दोरा चिकटून राहिला होता. "दादा, ही तर आत्ताच जल्मल्याली हाय की," ती म्हणाली. मी म्हटलं, मासाच तो, खा. तिनं मोऱ्या परत पिशवीत घातल्या. "म्या न्हाय खानार. मला दूध येतंय, तुमी घिऊन जावा." आणि खरंच, तिच्या मांडीवरचं पोर दूध पिऊन सुस्त झोपलं होतं. घरात ज्वारी होती, शेवग्याचा पाला होता, दारात म्हैस होती. मला तिचा इतका राग आला की मी चहा न घेता उठलो. तुझी पोरगी कशानं जगली ते विसरलीस का, असंही बोललो. ती म्हणाली, "इसरले न्हाय, म्हनूनच." मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

त्यानंतर मी पोती उघडताना मोऱ्या उलट्या करून बघायचं बंद केलं. पण माप डोळ्याला दिसतंच. पहिल्या वर्षी हातभर होत्या, मग कोपरापर्यंत, मग वीत. पोती कमी यायला लागली. एका वर्षी पोत्यात तळाशी नुसते बोंबील भरून वर दोनचार मोऱ्या ठेवलेल्या, आणि सोबत थोरल्या लेकाच्या अक्षरात चिठ्ठी: "आई म्हणते यंदा इतकीच गावली. बाळंतिणींना पुरणार नाहीत. माफी असावी." मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. माफी ती मागत होती. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच आलं नाही, आणि चेअरमन म्हणाले, "जाऊन बघून या. न्हायतर दुसरी खाडी धरा." दुसरी खाडी धरा, असं अगदी सहज म्हणाले, दुसरं खळं धरा म्हणावं तसं.

मी गेलो तेव्हा पहिल्या भेटीला आठ वर्षं होत आली होती. शिमगा होऊन दोन महिने झालेले. खळ्यावर बोंबील वाळत होते, पण मावशी उन्हात नव्हती. तिला दिसेनासं झालं होतं आणि ती ओसरीवर बसून असायची. थोरला लेक मला आधी खाडीवर घेऊन गेला. वळणाच्या वर दोन्ही काठांनी जाळी लावलेली, नायलॉनची, बोट जाणार नाही अशा बारीक आसाची, म्हणजे छिद्रांची. नुसती यांचीच नव्हती, साऱ्या गावाची होती. यांनी खुंटा काढला म्हटल्यावर दुसऱ्यांनी कशाला थांबावं? सगळं पाप माझंच म्हणणं हाही एक गर्वच झाला. पुढं यांत्रिक होड्या आल्या, बाहेरचे लोक आले, ते सगळं मी नाही आणलं. पण पहिला खुंटा माझ्यासाठी निघाला, हे त्या गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि काठानं जाताना त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला कळली. लेक म्हणाला, दोन वर्षं झाली, मुशी आलीच नाही. यंदा ओटी भरायलाही कुणी आलं नाही.

मी विचारलं, मग तुम्ही थांबवलं का नाही? आधीच थांबायचं होतं. तो माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आवशीक आमी किती सांगितलंव, घाटार पाऊस पडता म्हणान. रेडियोर सांगतत. मास्तरांनीव सांगितल्यानी. ती ऐकूक तयार नाय. म्हणता, त्याचां कार्ड येवक नाय. त्येना शब्द दिलो हा. पाऊस पडलो असतो तर त्येना कळवल्यान असता." गावानं तिला वाळीत टाकायची भाषा केली, तिची सख्खी जाऊ तिच्याशी बोलेनाशी झाली. सगळ्यांना ती एकच सांगायची, की तिकडं बाळंतिणी उपाशी आहेत, पाऊस पडला की मीच खुंटा रोवीन. डोळे जाईपर्यंत ती स्वतः गुडघाभर चिखलात उतरून मोऱ्या वेचायची, ओल्या बेंबीच्यासुद्धा. आणि वेचताना, लेक म्हणाला, पुटपुटायची. काय पुटपुटायची ते मी विचारलं नाही.

आम्ही घरी आलो. ओसरीवर ती भिंतीला टेकून बसली होती. पाऊल वाजलं तशी मान वर केली. लेकानं सांगितलं कोण आलंय ते. तिनं हात पुढं केले, मी खाली बसलो, तिनं माझा चेहरा चाचपला. "बारीक झालंस," म्हणाली. मी तर तेव्हा चांगला सुटलो होतो. मग तिनं अगदी हळू, घाबरत विचारलं, "अजून पाऊस नाय पडूक तुमच्याकडे?"

मी येताना एसटीत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. माफी मागायची, सगळं कबूल करायचं, वाटल्यास पाय धरायचे. आता लेक दाराशी उभा राहून माझ्याकडं बघत होता. आठ वर्षांपूर्वी पडला म्हणालो असतो, तर तिनं गेली आठ वर्षं जे केलं ते कशासाठी केलं, हेही मलाच सांगावं लागलं असतं. तिच्यावर दया म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. ते खोटं आहे. मला माझ्यापुरती भीती वाटली.

"पडला, मावशी," मी म्हणालो.

तिनं माझं मनगट धरलं. "औंदा?"

लेक दारातून हलला नाही.

"होय," मी म्हणालो. "औंदा. लवकर आला."

तिनं दोन्ही हात जोडले, समुद्र कोणत्या बाजूला आहे ते चाचपून तिकडं वळली, आणि कपाळ जमिनीला टेकवलं. मग सुनेला हाक मारून गूळ आणायला सांगितला. घाटावर पाऊस पडलो, पोराचां तोंड गोड कर. सुनेनं वाटीत गूळ आणि खोबऱ्याचा तुकडा आणून माझ्यापुढं ठेवला, माझ्याकडं न बघता. मी खाल्ला. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडत होती, आणि तिच्या तोंडावर असं सुख होतं की मी मान खाली घातली.

"आठ वर्सां," ती म्हणाली. "बिनपावसाची आठ वर्सां कशी रे काढलात?"

"काढली, मावशी," मी म्हणालो. "तुमच्यामुळं निघाली."